इसब आणि अर्धी बादली पाणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातुरात पाणी येऊ लागले, त्या उन्हाळ्यात माझ्या कोपरांच्या खोबणीतला जुना इसब मानेपर्यंत चढला. आई त्याला नायटा म्हणे आणि कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याचा आग्रह धरी. मी मात्र औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळालेली ट्यूब चोळत होतो. तिने चार दिवसांत कातडी साफ होई आणि थांबवताच खाज दुपटीने परते. झोपेत खाजवून चादरीवर रक्ताचे ठिपके दिसू लागले, तेव्हा कुठे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचून दाखवली: क्लोबेटासॉल, म्हणजे सर्वांत तीव्र गटातले स्टेरॉइड, आणि जोडीला बुरशीचे औषध, ज्याची मला गरजच नव्हती. कोपराची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, ती या ट्यूबमुळेच.

आता स्टेरॉइड कायमचे सुटेल असे मला वाटले होते; ते सुटले नाही, मोजून लावायचे ठरले. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते, हे हिशेबाने शिकलो. मानेसाठी दिलेले टॅक्रोलिमस, म्हणजे स्टेरॉइड नसलेले मलम, पहिला आठवडाभर मिरची लागल्यासारखी आग करी.

खरी मेहनत आंघोळीची होती. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार बादलीच्या काठावर जमत, त्या पाण्यात साबण नीट निघत नसे. म्हणून साबण बंद, पाणी कोमट, वेळ दहा मिनिटांच्या आत. अंग न घासता टिपायचे आणि कातडी ओलसर असतानाच पेट्रोलियम जेलीचा थर द्यायचा. टँकरच्या दिवसांत अर्ध्या बादलीतच भागवावे लागे, आणि गंमत म्हणजे त्याने माझे काही बिघडले नाही. जेली मात्र आठवड्याला पाव किलो लागे. पूर्वी मी तेवढी वर्षभरात वापरली नसेन.

एवढे करूनही दिवाळीपर्यंत पाठ आणि पाय आवरेनात, म्हणून मेथोट्रेक्सेट, म्हणजे शरीराची अतिरेकी प्रतिकारशक्ती दाबणारे औषध, सुरू झाले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून पत्नीने दिनदर्शिकेत प्रत्येक रविवारभोवती लाल गोल काढला. वेगळ्या दिवशी फॉलिक ॲसिड, ठरावीक काळाने यकृताची व रक्तपेशींची तपासणी, आणि तीन महिन्यांनी पहिली सलग झोप.

दीड वर्षाने डॉक्टरांनी गोळी थांबवली. सोयाबीनच्या मळणीच्या धुळीत कोपरे अजूनही खाजतात. रविवारची सवय मोडली नाही, त्या दिवशी आता मी नखे कापतो.