करबुड्याच्या कातळापासून पेडण्याच्या मातीपर्यंत

मुंबईहून सकाळची मांडवी एक्स्प्रेस पकडली ती बोगदे पाहायलाच. रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या ७४१ किलोमीटरच्या कोकण रेल्वेमार्गावर ९१ बोगदे आहेत. एसीचं तिकीट मुद्दाम टाळलं. बंद काचेत काळोख झाला की आपलाच चेहरा दिसतो आणि आवाजही अर्धा मरतो. स्लीपरमध्ये खिडकीची जागा घ्या.

उक्षी मागे पडलं तसं मी घड्याळ हातात धरलं. उक्षी आणि भोके यांच्या मधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. आत शिरताच कानावर दाब आला आणि चाकांचा खडखडाट भिंतीवरून परत येऊ लागला. डब्यातला उजेड सरकत होता त्यात कातळाचे कंगोरे दिसले, मध्येच ओलसर काळा पट्टा, मग पुन्हा कोरडा दगड. बाहेर पडायला साडेपाच मिनिटं लागली.

असा कातळ फोडायची रीत ठरलेली असते. समोरच्या भिंतीत भोकं पाडायची, सुरुंग भरून उडवायचे, धूर निघून जाईपर्यंत थांबायचं, छताला लटकलेले सैल धोंडे आधी पाडून घ्यायचे, मग डबर उपसायचं. दर फेरीला काही मीटर पुढे. दोन्ही तोंडांकडून खोदत येऊन मध्यावर गाठ पडायची, म्हणून आखणी काटेकोर लागते. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली १९९०मध्ये काम सुरू झालेला हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला.

मला वाटायचं, कठीण दगड म्हणजे कठीण काम. खरं उलटं आहे. सुरुंग लावल्यावर कातळ आपलं छत स्वतः पेलून धरतो. पाणी धरलेली मऊ माती खोदता खोदता आत ढासळते. अशा जागी यंत्र थांबतं आणि माणसाला हातांनी, थोडंथोडं कोरत, लगेच आधार देत जावं लागतं. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने याच कारणाने बांधणाऱ्यांना वर्षानुवर्षं छळलं. मार्ग सुरू होऊन वीस वर्षं उलटल्यावरही, ऑगस्ट २०२०मध्ये, आतल्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या दुसऱ्या मार्गाने न्याव्या लागल्या. तिथे पडलेला घाम आणि गेलेले जीव मला करबुड्याच्या लांबीपेक्षा मोठे वाटतात.

म्हणून जाणाऱ्यांनी रत्नागिरीनंतर झोपू नये. रत्नागिरी सुटल्यावर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल येतो, तो चुकवू नका. दारात उभं राहून बाहेर मात्र अजिबात झुकू नका. बोगद्याची भिंत अगदी जवळून जाते. बोगद्यात मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. पावसाळ्यात वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात. उशीर झाला तर पेडणं अंधारात येतं. मला हिवाळ्यातला दिवस बरा वाटला.

मडुरे गेलं की सामान आवरणं थांबवा आणि खिडकीशी बसा. पेडण्याचा बोगदा त्याच्या पुढेच आहे.