हिरवीगार झाडं आणि जाड सालीची संत्री

आठ वर्षांची संत्र्याची झाडं. पानं काळपट हिरवी, फांद्या तरारलेल्या. जो तो म्हणायचा, बाग झकास आहे. मलाही तसंच वाटायचं, फळ कापेपर्यंत. साल जाड आणि खडबडीत, तोडणीची वेळ झाली तरी देठाकडे हिरवी. आत रस कमी आणि जिभेला आंबटच.

आधी पाण्यावर संशय घेतला, मग कलमांवर. झाडं इतकी तजेलदार दिसत होती की खताचं मनातही आलं नाही. दर झाडाला वर्षाकाठी दोन किलो युरिया जात होता. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे एका झाडाला ९२० ग्रॅम. हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता.

शेवटी पानं तपासून घेतली. त्यासाठी चार ते सहा महिन्यांची पानं लागतात. कोवळ्या पानात नत्र मुळातच जास्त असतं, त्यावरून अंदाज चुकतो. अहवालात नत्र ३.१ टक्के निघालं, हवं होतं २.५ ते २.७.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. नत्र जास्त झालं की झाड नवतीवर नवती, म्हणजे नवी पालवी, काढतं. सालीतलं हरितद्रव्य वेळेवर ओसरत नाही, म्हणून रंग चढत नाही. नागअळी आणि सायला या किडींना तर कोवळी पालवीच लागते. मी फवारणी करत राहिलो, पालवी येतच राहिली.

घाबरून पाच झाडांचा युरिया साफ बंद केला. तेही चुकलं. पुढच्या वर्षी त्यांची जुनी पानं सरसकट पिवळी पडली, फुलं विरळ आली. फळं मोजकीच, पण साल पातळ, गुळगुळीत आणि रंग लवकर! त्या पाच झाडांनी मला जे दाखवलं ते अहवालातल्या आकड्यांतून कळलं नसतं.

बाकीच्या झाडांना एक किलोवर आलो, तोही तीन हप्त्यांत: फुलोऱ्याआधी, फळं धरल्यावर आणि फळ वाढीला लागल्यावर. त्यानंतर दाणाही नाही. खत खोडाशी नाही, झाडाच्या घेराखाली टाकतो, कारण अन्न घेणारी बारीक मुळं तिथं वरच्या थरात असतात. टाकल्याबरोबर मातीत मिसळून बेताचं पाणी देतो. उघडं राहिलं तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं आणि पाणी फार झालं तर ते नायट्रेटच्या रूपात मुळांखाली उतरतं.

पहिल्या हंगामात फरक जवळजवळ दिसला नाही. झाडानं पानांत आणि लाकडात नत्र साठवून ठेवलेलं असतं, ते आधी वापरलं जातं. तो काळ धीर धरायला फार कठीण गेला. दुसऱ्या हंगामात साल पातळ झाली, रंग वेळेवर आला, रस वाढला. पानांचा काळपटपणा गेला, तपासणीत नत्र २.६ आलं.

त्या पाचांपैकी तीन झाडं अजून पुरती भरलेली नाहीत. यंदा त्यांची पानं वेगळी तपासायला देतोय.