हो, दिसला की!

धुपदाळला मला कैकर दिसला नव्हता.

डिसेंबरातली गोष्ट, दोन महिने होऊन गेले, आता सांगून काय उपयोग, पण सांगतो. घटप्रभेच्या बंधाऱ्याजवळ आम्ही तीसेक जण उभे, पाण्यातल्या वठलेल्या झाडावर कैकर बसलाय म्हणून एकच गडबड. कैकर म्हणजे ऑस्प्रे, वरनं झेप घालून पाण्यातला मासा उचलणारा, थंडीचा पाहुणा. सगळ्यांच्या दुर्बिणी एका दिशेला, माझी पण. आणि मला दिसत होतं नुसतं झाड. बरं झाडं पण सात-आठ. कुठलं झाड म्हणून विचारायचं म्हणजे सगळे मागं वळून बघणार, म्हणून मी आपलं "हो, दिसला की, मस्तच" म्हणून मोकळा झालो. वहीत पण लिहिला. त्या दिवसातलं बाकी फार काही आठवत नाही, येताना गोकाकचा करदंट घेतला तेवढं सोडून.

तिथनं सवयच लागली. कोणी बोट दाखवलं की मी मान हलवायची. परवाच्या रविवारी कणकुंबीला चौथीतल्या एका पोरीनं मला सगळ्यांसमोर पकडलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमच्या बेळगावातला हा पक्षी बघणाऱ्यांचा ग्रुप तसा चांगलाय. महिन्यातनं एकदा बाहेर जातात, आदल्या दिवशी संध्याकाळी एक व्याख्यान ठेवतात, आणि नवीन असो जुना असो कोणीही या म्हणतात. ते खरंच तसं म्हणतात, गैरसमज नको. पण "कोणीही या" म्हटलं तरी तिथं गेल्यावर आपल्याला आपलं कळतंच की आपण कुठल्या रांगेतले. कोणाच्या गळ्यात लाखाची लेन्स, कोण नुसत्या आवाजावरनं "अरे हा तर राखी कोतवाल" म्हणतोय, आणि आपण मेव्हण्याकडनं मागून आणलेली दुर्बीण घेऊन उभे, जिच्यात उजव्या डोळ्याला कायम धुकं.

शनिवारचं व्याख्यान टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये होतं. प्रोजेक्टर सुरू व्हायला अर्धा तास गेला, तेवढ्यात चहा दोनदा झाला. दुर्बिणीवर 8 गुणिले 42 लिहिलेलं असतं त्यातला 8 म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसते आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. सरांनी (नाव लिहीत नाही, त्यांना आवडत नाही) मध्येच वटवाघळांवर गाडी नेली. आपल्या खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेत एक वटवाघूळ आहे, राउटनचं वटवाघूळ म्हणतात, शास्त्रज्ञांनी 1913 मध्ये त्याची नोंद केली आणि नंतर कितीतरी वर्षं जगात ते फक्त ह्याच गुहेत माहीत होतं, मेघालयात आणि कंबोडियात सापडलं ते फार उशिरा. हॉलमध्ये एकदम शांतता. आपण इथं जन्म काढला आणि हे माहीत नाही, असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

मग प्रश्नमंजुषा. कर्नाटकाचा राज्यपक्षी कोणता? दोन-तीन हात वर, नीलकंठ. महाराष्ट्राचा? अख्खा हॉल एका सुरात, हरियाल! सर हसले, काय बोलले नाहीत. शेवटी एका पाहुण्यांनी माईक घेऊन "पक्ष्यांना सीमा नसतात" म्हटलं आणि टाळ्या पडल्या. दर व्याख्यानात हे वाक्य कोणीतरी म्हणतंच. बेळगावात पक्ष्यांवर बोलायला उभा राहिलेला माणूस ह्या वाक्याशिवाय खाली बसला तर मी त्याला माझ्या पैशानं कुंदा देईन.

रविवारी पहाटे पाचला टेम्पो ट्रॅव्हलर. माणशी साडेतीनशे, नाश्ता धरून. पिरनवाडीला जांबोटीचा फाटा घेतला आणि तिथनं पुढं रस्त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण ज्यांनी तो रस्ता बघितलाय त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी नाही बघितला त्यांचा विश्वास बसणार नाही. जांबोटीला उप्पीट आणि चहा. उप्पीट गार होतं. कणकुंबीला उतरलो तेव्हा तोंडातनं वाफ निघत होती.

कणकुंबी मला तशीही आवडते. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, ती जाते पूर्वेला, पार कुडलसंगमला कृष्णेला मिळते. आणि जवळच भीमगडच्या रानातनं म्हादई निघते ती उलटी, गोव्याकडं. म्हणजे इथल्या डोंगरावर पडलेल्या पावसातला अर्धा बंगालच्या उपसागराला आणि अर्धा अरबी समुद्राला.

सरांनी आल्या आल्या तीन गट पाडले. "अगदी नवीन कोण कोण आहेत? लाजू नका." मी लाजलो. हात वर केला नाही. वर्षभरात पाच-सहा वेळा येऊन झालंय, आता कुठं नवीन, म्हणून मधल्या गटात जाऊन उभा राहिलो. मधल्या गटात एक आज्जी आणि त्यांची नात होती. आज्जी शहापूरच्या, नऊवारी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला मफलर. नात चौथीत, गळ्यात स्वतःची दुर्बीण, आणि पट्टा बरोबर मापात बांधलेला. मला वाटलं चुकून आल्या ह्या गटात. चुकून कोण आलेलं ते पुढं कळलं.

आमच्याबरोबर गावातले एक मामा होते. ते रानात गुरं घेऊन फिरलेले, पुस्तकातलं नाव त्यांना एक सांगता येणार नाही पण कुठल्या झाडावर काय बसतं ते तोंडपाठ. धनेशाला ते गरुडच म्हणतात. कन्नडमध्ये मंगट्टे, असं आमच्यातल्या एका पोरानं सांगितलं, तर मामा म्हणाले, "त्ये बी म्हणा की, त्याला काय फरक पडतोय." वाटेत भारद्वाज ओरडला तर आज्जी लगेच "कुंभारकावळा", ते पोरगं "केंबूत", आणि सरांनी वहीत काय लिहायचं ते लिहिलं.

पहिला तासभर बरा गेला. शिपाई बुलबुल मला दिसले, खरोखर दिसले, ते इतके असतात की न दिसायला वेगळं कौशल्य लागतं. निखार दिसला, नर, केशरी ठिणगीसारखा शेंड्याला. एक मोठी लेन्सवाले गृहस्थ मात्र प्रत्येक वेळी सगळ्यांच्या पुढं जाऊन उभं राहायचे आणि खटखटखटखट सुरू. बाकीच्यांनी त्यांच्या टोपीचा अभ्यास करायचा. हे मला फार खुपतं. फोटो काढा की, कोण नको म्हणतंय, पण दहा जण मागं उभे आहेत, त्यातली एक तुमच्या कमरेएवढी आहे, एवढं तरी बघा.

मग उतारावरच्या दाट झाडीत मामा एकदम थांबले. हात मागं केला. आत कुठंतरी हळू, थोडं दमलेलं असं क्यॉ, क्यॉ, क्यॉ. सर कुजबुजले, "कर्णा." मलबार ट्रोगन. ह्या पक्ष्यासाठी लोक कुठनं कुठनं पश्चिम घाटात येतात. नराचं डोकं काळं, छातीवर पांढरी पट्टी आणि खाली लालभडक पोट. आदल्या दिवशी स्लाइड बघितलेली, म्हटलं एवढा लाल पक्षी, हा तर आंधळ्याला पण दिसंल.

"तो बघा, आडव्या वेलीच्या मागं."

"हां हां."

"दिसला. काय सुंदर!"

सगळीकडनं दिसला दिसला. मी दुर्बीण लावली. वेली होत्या. शंभर वेली, सगळ्या आडव्या. पानं, पानांमागं पानं, एक सुकलेलं पान हलतंय. उजव्या डोळ्यात धुकं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "दिसला ना?" आणि माझ्या तोंडातनं आपोआप, "हो, दिसला की! लाल आहे एकदम."

तेवढ्यात खालनं आवाज. "मला नाही दिसला."

पोरगी. स्पष्ट, मोठ्यांदा. मग एक क्षण थांबून, "आणि ह्या काकांना पण नाही दिसला. ते तिकडं बघतायत, तो इकडं आहे. आणि तो लाल नाहीये, त्याची पाठ आहे आपल्याकडं, सर आत्ता म्हणाले की."

मी दुर्बीण खाली घेतली. कोण हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही, सगळे सभ्य लोक. सर म्हणाले, "बरोबर आहे तिचं. कर्णाची खोड आहे ती, चाहूल लागली की पाठ करून बसतो, आणि पाठ मातकट. लाल शोधू नका, तपकिरी शोधा." मग तिला आणि मला, दोघांना एकत्र शिकवल्यागत, "तो जाड बुंधा दिसतो? शेवाळ आहे तो. तिथं घड्याळ आहे समजा. दोनच्या काट्यावर चला. वेलीचा गोळा लागंल. त्याच्या खाली एक हात."

जाड बुंधा सापडला. दोनचा काटा सापडला. वेलीचा गोळा... मामांनी मागनं माझे दोन्ही खांदे धरून मला एवढंसं, चार बोटं, डावीकडं फिरवलं, बैलाला वळवतात तसं. पोरगी एकदम म्हणाली, "आज्जे, दिसला! वळला! लाल!" आणि मी नेमकं त्या वेळी भिंग पुसत होतो. दुर्बीण डोळ्याला लावली तोवर काहीतरी खाली गेलं. लांब शेपूट, कडेला पांढरं. संपलं.

"दिसला का काका?"

"शेपूट दिसलं."

"सर, शेपूट चालतं?"

"ओळखता आलं तर चालतं," सर म्हणाले.

ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "नाही आलं ओळखता." ती "बरं" म्हणाली आणि पुढं चालायला लागली, तिच्या दृष्टीनं विषय संपला.

माझा संपला नव्हता. मी मागं रेंगाळलो तर आज्जी पण मागंच होत्या. म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, पोरगी फटकळ आहे. मला तर सकाळपासनं एक बी दिसला नाही. डाव्या डोळ्याला मोतीबिंदू, उजव्याचं ऑपरेशन झालंय पण लांबचं नीट दिसत नाही. मी ऐकाय आलोय." आणि मग बोटं मोडत मोजायला लागल्या, कुंभारकावळा झाला, टिटवी झाली, तांबट टुकटुक करतोय तो झाला, कुटूर्गा झाला, खाली ओढ्याकडं खंड्या ओरडला. माझ्याहून तीन जास्त. मला वाटलं ऐकलेले धरत नसतील. सरांना विचारलं तर म्हणाले धरतात की, ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या याद्या जिथं टाकतात त्या वेबसाइटवर, ऐकलेला पक्षी बघितलेल्याएवढाच चालतो, फक्त खात्री पाहिजे.

दुपारी मामांच्या घरी जेवण. नाचण्याची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, लसणाची चटणी. एकतीस माणसं अंगणात, मामी आणि त्यांच्या सुना चुलीपाशी, आणि कोणाची भाकरी गार आली नाही. हॉटेलवाल्यांना उप्पीट गरम देता येत नाही आणि इथं एकतीस भाकऱ्या तव्यावरनं थेट पानात. पैसे घेताना मामींनी ठरल्यापेक्षा कमीच घेतले, पोरांचे धरले नाहीत म्हणाल्या. पोर एकच होतं.

रात्री सरांची यादी आली. फेब्रुवारीच्या मधल्या चार दिवसांत जगभर लोक पक्षी मोजतात, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, भारतात ते 2013 पासून चालतं, त्यासाठीच हा दौरा होता. ग्रुपची यादी एक जण करतो आणि बाकीच्यांना शेअर करतो, मग ज्याला जो पक्षी मिळाला नाही त्यानं तो आपल्या यादीतनं काढायचा असतो. हे मला वर्षभर माहीतच नव्हतं. म्हणजे सांगितलं असणार, मी "हां हां" म्हटलं असणार.

आमच्या गटाची यादी 43 ची. मी पलंगावर बसून एकेक काढायला लागलो. कर्णा काढला. राखी कोतवाल, कधी दिसला देव जाणे, काढला. 29 वर आलो. मग जरा चेव आला म्हणून डिसेंबरची धुपदाळची यादी उघडली आणि कैकर काढला, नदी सुरय काढला, अजून दोन बदकं काढली ज्यांची नावं वाचून पण मला काही आठवेना. बायको म्हणाली, "झोपा की आता, काय खोडताय एवढं?"

भोरड्या तेवढ्या ठेवल्या. ज्वारीवरनं पाच-सहाशेचा थवा गेला म्हणे त्या दिवशी, त्यातली एक तरी मला दिसली असणारच.