घडी मोडल्यावरचा हंगाम : पोर्शे ९९६ची तिसरी नोंद

ओडोमीटर १,०१,२६०. मागच्या नोंदीला ९४,३८० होतं. या दोन आकड्यांमध्ये काय घडलं हे ज्यांना कळलं, त्यांनी आधी हळहळून घ्या आणि मग पुढे वाचा.

नव्या मंडळींसाठी: गाडी १९९९ची पोर्शे ९११ करेरा, ९९६ पिढीतली. ३.४ लिटर, ३०० पीएस (अश्वशक्ती), सहा गिअरचं मॅन्युअल, आणि अजून केबलच्या तारेने ओढला जाणारा ॲक्सिलरेटर. पाण्याने थंड होणारी पहिली ९११. हेडलाइट तळलेल्या अंड्यासारखे, म्हणून खानदानातलं सावत्र पोर. तेवढ्यामुळेच माझ्यासारख्या पगारदाराला परवडली. मुक्काम श्टुटगार्टजवळ, नंबरप्लेट हंगामी. प्लेटच्या उजव्या कडेला ०४ आणि १० असे आकडे आहेत, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर सोडून गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही, उभीसुद्धा करायची नाही. हिवाळ्यात इथे बर्फासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात, त्याने पत्रा गंजतो, त्यामुळे माझी तक्रार नाही.

इथल्या बाजारात लाख किलोमीटर म्हणजे लक्ष्मणरेषा. जाहिराती चाळणारा प्रत्येक जण ‘लाखाच्या आत’ अशी चाळणी लावतो. त्यामुळे पहिले दोन हंगाम मी गाडी चालवलीच नाही, उरलेले किलोमीटर मोजले. रविवारी ढग आले की गाडी तळघरात. पुढे खडीचा ट्रक दिसला की दीडशे मीटर मागे. मागच्या दिवाळीत आईने फोनवर विचारलं, “घडी मोडलीस का रे गाडीची, का अजून कपाटातच?” तिला बोलायचा अधिकार आहे. तिची लग्नातली पैठणी मलमलीत गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवली होती. ताईच्या लग्नात काढली तेव्हा बरोबर घडीच्या रेघांवर विरली होती.

आमच्या गाडीची घडी कुठे विरली ते एप्रिलमध्ये कळलं. टायरवर नक्षी सहा मिलिमीटर, बघणारा म्हणेल नवेच आहेत. बाजूवरचे चार आकडे वाचले: २३११. म्हणजे २०११चा तेविसावा आठवडा. टॉर्च लावून रिमजवळ बघितलं तर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या बारीक भेगा. पहिल्या मालकाने जपून ठेवलेले टायर, मीही जपून ठेवले, आणि चौघेही भंगारात गेले. मग संशय आला म्हणून गाडी लिफ्टवर चढवली. कूलंटच्या टाकीला केसाएवढी चीर, खाली गुलाबी डाग सुकलेला. ही टाकी काही मी पळवून फोडलेली नाही.

गाडी वर होतीच, तर आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्ट) बेअरिंगही उरकून घेतलं. विषय जुना आहे, पण थोडक्यात: कॅमशाफ्टच्या साखळ्या चालवणारा मधला शाफ्ट फ्लायव्हीलच्या बाजूला एका सीलबंद बेअरिंगवर फिरतो. सीलमधून तेल आत शिरतं, मूळचं ग्रीस धुऊन जातं, आणि बेअरिंग गेलं की टायमिंग चुकून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. माझ्या गाडीत सुदैवाने दुहेरी रांगेचं बेअरिंग, ते जास्त टिकतं. तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच आणि मागचं ऑइल सील त्याच खर्चात. जुनं बेअरिंग मेकॅनिकने माझ्या हातावर ठेवलं. बोटावर फिरवलं तर किंचित खरखर, आणि ग्रीसच्या जागी तपकिरी तेलाचे दोन थेंब तळहातावर ओघळले. बिलाचा आकडा लिहीत नाही, बायको हे वाचते.

इथे डोक्यातलं गणित फिरलं. ‘विकायच्या आधी बघू’ म्हणून मी हे काम दोन वर्षं ढकलत होतो. आता हीच पावती विकताना पहिली दाखवायची चीज आहे. ९९६ घेणारा शहाणा माणूस किलोमीटरच्या आधी फाइल उघडतो, बेअरिंगचं विचारतो, आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरवल्याची, नोंद वाचून घेतो.

जुलैमध्ये ऑस्ट्रियात ग्रोसग्लॉकनरला गेलो. १९३५ साली खुला झालेला टोलचा घाट, ३६ हेअरपिन वळणं, होखटोअर खिंडीला २५०४ मीटर उंची. आंबेनळी लहानपणी एसटीच्या खिडकीतून पाहिलेल्या माणसाला घाटाचं काय कौतुक, असं वाटलं होतं. पण दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना तारेचा ॲक्सिलरेटर पायाला जे सांगतो, ते दोन वर्षं तळघरात मला कोणी सांगितलं नव्हतं. एडेलवाइसश्पिट्से शिखरावर चढणारा शेवटचा तुकडा दगडी फरसबंदीचा आहे, तिथे डॅशबोर्ड चांगलाच खडखडला. पुढे ऑस्ट्रियातल्याच ग्म्युंडला जाऊन आलो. पोर्शेचं नाव लावलेली पहिली गाडी, ३५६, १९४८ साली त्या गावात बनली.

लाख घाटात होईल अशी आशा होती. झाला परतीला, म्युनिकच्या अलीकडे, कामं चाललेल्या हायवेवर, पावसात, पहिल्या गिअरमध्ये, एका कॅराव्हॅनच्या मागे. फोटो हलला आहे.

परत आल्यावर बॉनेटवर खड्याचे सात टवके मोजले. सर्वांत मोठा तांदळाच्या कणीएवढा. रंगाच्या पेनने भरले, जवळून दिसतात.

आता ‘मिस्टर बीनवाल्या रोवन ॲटकिन्सनची मॅक्लॅरन एफ१ बघा’ असं कोणी म्हणेल. दोनदा ठोकली, ४१,००० मैल पळवली, तरी २०१५मध्ये खरेदीच्या कित्येक पटीने विकली गेली. खरं आहे, पण त्या गाड्या एकूण १०६ बनल्या. सगळ्या ९९६ मिळून पावणेदोन लाखांच्या घरात आहेत, आमची कोणी लिलावात उचलणार नाही. उलट ज्याच्याकडे ९९६ जीटी३ आरएस ही दुर्मीळ आवृत्ती आहे (एकूण ६८२) त्याने माझं अजिबात ऐकू नये, त्याचं गणित वेगळं. तरी श्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझनचं पोर्शे म्युझियम आपल्या जुन्या गाड्या शर्यतींना आणि रॅलींना काढतंच, याची त्याने नोंद घ्यावी. माझ्या गाडीला ‘लाखाच्या आत’ असण्याचे जे काही दोन-तीन हजार युरो मिळाले असते ते गेले. ऑस्ट्रियाचा घाट धरून सहा हजार आठशे ऐंशी किलोमीटर त्यात आले. मला महाग वाटले नाहीत.

३१ ऑक्टोबरला गाडी आत घेतली. टाकी भरली, टायरमध्ये हवा थोडी जास्त, बॅटरीला चार्जर, आणि खाली मुंगसासारखा दिसणारा तो मार्डर वायरी कुरतडू नये म्हणून जाळी.

हिवाळ्यातलं काम पाण्याचा पंप. मूळचाच आहे आणि थंड इंजिनावर हलकी कुरकुर ऐकू येते. धातूच्या पात्यांचा घ्यायचा की प्लॅस्टिकच्या? बेअरिंग सैल झालं की धातूची पाती इंजिनाचं ॲल्युमिनियम खरवडतात म्हणून मी प्लॅस्टिककडे झुकलो आहे. ज्यांनी स्वतः बदललाय त्यांनी सांगा, मार्चच्या आत ऑर्डर द्यायची आहे.