आमची वाटचाल : मुका बसणारा डबा

वाळूज एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघा भावांनी शेतपंपाचे ऑटो स्टार्टर बनवायला घेतले. लाईट आली की मोटर आपोआप चालू, एखादा फेज गेला की बंद. टेबलावर प्रत्येक बोर्ड चोख चालायचा. पहिला लॉट अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागांत गेला आणि फोन सुरू झाले. "भाऊ, लाईट आली तरी तुमचा डबा काहून मुका बसतो? फ्यूज काढून घातला की चालतो."

आम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो. ती तिथे नव्हतीच. एक रात्र त्या बागायतदाराच्या विहिरीवर काढली तेव्हा उलगडा झाला. विहीर डीपीपासून लांब, लाईनीच्या शेवटाला. लाईट आली की साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं आणि मग रखडत वर चढतं. डब्याचा मेंदू म्हणजे ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर; त्याच्या रिसेटला, म्हणजे प्रोग्राम पहिल्यापासून सुरू करणाऱ्या पायाला, एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर, एवढंच होतं. शून्यावरून झटकन पाच व्होल्ट आले तर ते पुरतं. पाचाचे तीन होऊन पुन्हा पाच झाले, तर कपॅसिटर पुरता रिकामा होत नाही, नीट रिसेट मिळत नाही आणि प्रोग्राम भलत्याच जागी अडकतो.

मग मॅक्स ८१३एल ही आठ पायांची आयसी घातली. सप्लाय ४.६५ व्होल्टच्या खाली गेला की ती रिसेट धरून ठेवते, वर आल्यावरही साधारण २०० मिलिसेकंद सोडत नाही. ८०५१ ला रिसेट हाय, म्हणजे पायावर व्होल्टेज देऊन, लागतो, म्हणून हीच. हिच्या घराण्यातली ७०५ लो, म्हणजे व्होल्टेज शून्यावर नेऊन, रिसेट देते.

याच आयसीत वॉचडॉग आहे, म्हणजे प्रोग्राम अडकला का हे पाहणारा राखणदार. त्यात आम्ही दोनदा चुकलो. १.६ सेकंदांत प्रोग्रामकडून पल्स आली नाही की आयसी इशारा देते, पण तो वेगळ्या पायावर. तो पाय मॅन्युअल रिसेटला जोडला तरच रिसेट होतो; आमच्या बोर्डावर तो ट्रॅकच नव्हता. दुसरी चूक माझी. पल्स मी टायमर इंटरप्टमध्ये, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या वेगळ्या तुकड्यात, टाकली होती. मुख्य लूप अडकला तरी टायमर पल्स देतच राहिला. आता ती मुख्य लूपमध्ये, एकाच जागी, फेज तपासून रिलेचं काम झाल्यावरच निघते.

त्याच आयसीत पॉवर-फेल कंपॅरेटर आहे; त्याला दिलेलं व्होल्टेज १.२५ च्या खाली गेलं की तो सांगतो. ७८०५ या पाच व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरच्या आधीचं व्होल्टेज रेझिस्टरने वाटून त्याला दिलं. पाच व्होल्ट ढासळण्याआधी सूचना मिळते, तेवढ्यात मोटरचे तास ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाईट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, लिहून होतात.

हल्ली बऱ्याच मायक्रोकंट्रोलरच्या आतच ब्राउन-आउटची, म्हणजे व्होल्टेज बसलं की रिसेट करायची, सोय असते. काहींत ती कारखान्यातून बंद येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आम्ही ती चालू करतो आणि तरीही बाहेरच्या आयसीची जागा सोडत नाही. प्रत्येक बोर्ड आता डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्रावर, चढतो. व्होल्टेज हळूहळू उतरवायचं, मध्येच थांबवायचं, परत चढवायचं. हे काम भाऊ अजून दुसऱ्या कुणाला देत नाही.