रजिस्टर्ड मेलवरूनच पाठवा

महिन्याची 20 तारीख म्हणजे 3बी, म्हणजे जीएसटीचं मासिक रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. माझं नागपुरात धंतोलीत जीएसटीचं छोटं ऑफिस आहे. 11 रिटर्न बाकी होते आणि सकाळी सव्वाअकराला राऊटरवरचा एलओएसचा दिवा लाल झाला. तो लाल म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाही, राऊटर कितीही बंद-चालू करा. तरी हेल्पलाइनवाल्याने माझ्याकडून तीनदा करून घेतलंच.

गल्लीच्या तोंडाशी सिमेंट रोडचं खोदकाम. तिथे जाऊन पाहिलं तर लाइनवाला छत्रीखाली उकिडवा बसलेला, मांडीवर केसांसारखे रंगीत धागे. "मॅडम, जेसीबीनं अख्खी केबलच उखडून नेली न बाप्पा. चोवीस कोर आहे. एकेक रंग पाहून जोडून राहिलो." आमचा कोणता, विचारलं. "तो संत्री." त्याचा नंबर अजून दूर होता.

ठीक आहे, मोबाइलचा हॉटस्पॉट आहे ना! जीएसटी पोर्टल उघडलं. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली क्लाउडवर, आणि मुंबईतला तो सर्व्हर फक्त आमच्या ऑफिसच्या स्टॅटिक आयपीलाच, म्हणजे इंटरनेटवरच्या कायम पत्त्यालाच, दार उघडतो. ही सुरक्षा मीच हौसेने मागून घेतली होती.

क्लाउडवाल्यांना फोन केला. "मॅम, नवा आयपी जोडायचा तर रजिस्टर्ड मेलवरून रिक्वेस्ट पाठवा." रजिस्टर्ड मेल माझ्या जुन्या भागीदाराचा. तो तीन वर्षांपूर्वी पुण्याला गेला. बिल मी भरते, जीएसटी नंबर माझा, मागची तीन इनव्हॉइस पाठवली. "समजतंय मॅम, पण रजिस्टर्ड मेलवरूनच." दुसऱ्या मुलाला पहिल्यापासून सांगितलं, तिसऱ्याला परत. मधल्या काळात नेटवाल्यांचा मेसेज आला: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. दिवा लालच.

भागीदार एका साखरपुड्यात होता. दुपारी चारला त्याने फोन उचलला, पासवर्ड विसरला होता, तो बदलून पाच वाजता मेल गेला. साडेसहाला आयपी जोडल्याचा निरोप आला. मी लॉगिन करते तर नाही! मधे फोन चार्जिंगला लावताना हॉटस्पॉट बंद पडला होता आणि सुरू झाल्यावर आयपी बदललेला. मोबाइलचा आयपी असा बदलतो हे त्यांना माहीत असायला हवं होतं, मलाही. परत मेल, परत साखरपुडा. शेवटी त्यांच्या कोणा सिनियरने 8:10 ला दोन तासांसाठी आयपीचं बंधनच काढलं. मला रडू यायचं बाकी होतं, तरी थँक्यू म्हटलं.

9 रिटर्न भरले. दोन राहिले, कारण ते दोघे क्लायंट ओटीपी द्यायला जागे नव्हते. एका दिवसाचं 50-50 रुपये विलंब शुल्क पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये लागून आलं, ते मी माझ्या खिशातून दिलं. लाइन दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

2025 च्या ऑक्टोबरात, तेव्हाही 20 तारीखच, व्हर्जिनियातल्या ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये डीएनएसचा, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा, घोळ होऊन जगभरची ॲप्स बसली होती. ऐन दिवाळी, 3बीची मुदत 25 पर्यंत वाढलेली, आणि मी फराळ करत म्हणत होते, आपला सर्व्हर तर मुंबईत!

आता रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप ऑफिसच्या हार्ड डिस्कवर उतरतो. दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलंय. आणि हो, आधी सांगायला हवं होतं: क्लाउडच्या खात्यावर कोणाचा मेल आहे ते आजच पाहा.

भागीदाराचा बदलून माझा मेल लावायला अर्ज केला. उत्तर आलं: हा अर्ज रजिस्टर्ड मेलवरून पाठवावा. पुण्याला फोन लावला तर तिकडून आधीच, "ताई, आता काय?"