तुम्ही विचारलंत म्हणून: एजन्सी कोणती घेऊ?

"सोशल मीडियासाठी एखादी चांगली एजन्सी सुचवा ना." यावर मी नाव सांगत नाही आणि समोरच्याला वाटतं, मी हातचं राखून बोलतोय. तसं नाही. एकाच एजन्सीत एकाला मुरलेला माणूस मिळतो, दुसऱ्याला कालच रुजू झालेला. तेव्हा नावापेक्षा हे विचारा: आमचं काम रोज कोण बघणार आणि त्याच्याकडे आणखी किती ब्रँड आहेत? उत्तर गोलमोल आलं, तर बैठकीला आलेली मंडळी फक्त काम मिळवण्यापुरती आहेत असं धरून चाला.

पण खरी अडचण माणसांची नसते, ताब्याची असते. करार मोडण्याचा आठवडा डोळ्यांपुढे आणा. फेसबुक पेज एजन्सीच्या बिझनेस पोर्टफोलिओत (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी मेटा, तिच्याकडचं धंद्याची पेजेस आणि खाती एकत्र ठेवायचं कपाट), जाहिरात खातं एजन्सीचं, पैसे तिच्या कार्डावरून गेलेले. एजन्सी राजी असेल तर पेज तुमच्याकडे हलवता येतं. जाहिरात खातं मात्र एकदा एका पोर्टफोलिओत गेलं की दुसरीकडे नेता येत नाही. त्यातला जुना हिशेब, कोणती जाहिरात कोणाला चालली याची नोंद, तुमच्याच ग्राहकांच्या याद्यांवरून बनवलेले कस्टम ऑडियन्स (जाहिरात नेमकी कोणाला दाखवायची ते गट), सगळं तिथेच राहतं. पिक्सेल (जाहिरातीवरून आलेल्यांनी तुमच्या वेबसाइटवर काय केलं ते टिपणारा कोड) एजन्सीच्या नावावर असेल तर तोही. इन्स्टाग्रामचा लॉगिन कोड एजन्सी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी फोनवर जातो. गूगल बिझनेस प्रोफाइलवर (गूगल सर्च आणि मॅप्सवर दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद) नवा मालक नेमला, तरी मूळ मालकी त्याच्याकडे द्यायला 7 दिवस थांबावं लागतं. त्यात शेवटचं बिल थकलेलं असेल, तर चाव्या कोणाच्या हातात आहेत हे वेगळं सांगायला नको. नव्या खात्यात जाहिराती कोणाला दाखवायच्या हे यंत्रणा पुन्हा पहिल्यापासून शिकते: मेटावर एका अॅड सेटला (एकच बजेट आणि एकच प्रेक्षक असलेला जाहिरातींचा गट) स्थिरावायला आठवड्यात साधारण 50 निकाल (खरेदी, चौकशी, जे हवं असेल ते) लागतात, आणि तोवरचा खर्च तुमचा.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी स्वतःचं बिझनेस पोर्टफोलिओ उघडा. पेज, जाहिरात खातं, पिक्सेल त्यात घ्या. कार्ड तुमचं, पूर्ण नियंत्रण घरच्या दोघांकडे (एकच असला आणि त्याचं प्रोफाइल बंद पडलं, तर दार बाहेरून लागतं). मग एजन्सीचा बिझनेस आयडी (तिच्या पोर्टफोलिओचा क्रमांक) घेऊन तिला पार्टनर म्हणून जोडा आणि कामापुरतेच अधिकार द्या. गूगल अॅड्सचं खातं तुमचं, एजन्सीचं मॅनेजर खातं (ज्यातून ती अनेक ग्राहकांची खाती सांभाळते) त्याला जोडलेलं. तोडायचं ते तुमच्या हातात. डिझाइनच्या मूळ फाइल्स आणि न कापलेलं चित्रण दर महिन्याला तुमच्या ड्राइव्हवर यायला हवं, हे करारात लिहा.

"हा अविश्वास झाला," असं मला सुनावतात. चांगल्या एजन्सी हे स्वतःहून मागतात, एवढंच म्हणेन. "आमच्याच खात्यात करू, लवकर सुरू होईल" हेही खोटं नसतं. लवकर होतंच. तरी मी नको म्हणतो.

अहवाल वाचताना दोन गोष्टी बघा. मेटाचा नेहमीचा हिशेब क्लिकनंतरचे 7 दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यानंतरचा 1 दिवस धरतो. म्हणजे जाहिरातीला बोटही न लावता दुसऱ्या वाटेने आलेला ग्राहक त्यात मोजला जातो. फक्त क्लिक करून आलेल्या ग्राहकांचे आकडे वेगळे मागा. आणि बैठकीतच विचारा, एवढ्या बजेटचे किती अॅड सेट करणार? थोड्या पैशांचे दहा तुकडे करणाऱ्याला ते 50 निकाल कुठेच मिळत नाहीत.

पूर्वी मी आधी काम बघा, खात्यांचं नंतर, असं सांगत असे. त्यातही तथ्य आहे: ताबा शंभर टक्के तुमचा आणि पोस्ट कुणी वाचत नाही, तर त्या ताब्याचं लोणचं घालायचं? एजन्सीने दाखवलेले नमुने निवडक असतात. मेटाच्या अॅड लायब्ररीत तिच्या ग्राहकांच्या आज चालू असलेल्या जाहिराती कुणालाही दिसतात, त्या बघा.

फीचं कोडं मला सुटलेलं नाही. जाहिरात खर्चाच्या टक्क्यांवर फी असेल तर खर्च वाढवण्यातच एजन्सीचा फायदा. ठरावीक फी असेल तर बजेट तिप्पट झाल्यावर तिला ते परवडत नाही आणि तुमचं काम शिकाऊ हातांकडे सरकतं. माझा कल ठरावीक फीकडे, दर सहा महिन्यांनी ती पुन्हा ठरवण्याचं कलम घालून. पण बजेट मोसमाप्रमाणे वर-खाली होणाऱ्या धंद्यात तेही नीट बसत नाही.